रॉक संगीत आणि झेन विचार: महाराष्ट्रातील दुवे

रॉक संगीत आणि झेन अथवा तत्सम ध्यानप्रधान विचारपरंपरा यांचा संबंध प्रामुख्याने इ.स. १९६० नंतरच्या अमेरिका व इंग्लंडमधील संगीताच्या संदर्भात अभ्यासला जातो. या संबंधातील काही महत्त्वाचे दुवे मात्र महाराष्ट्रात आहेत. जॉर्ज हॅरिसन याने ताओ विचारावर आधारलेल्या एका गीताचे वाद्यसंगीत १९६८ मध्ये मुंबईत ध्वनिमुद्रित केले. 'द हू' या वाद्यवृंदाचा गीतकार पीट टाउनशेंड हा अहमदनगरजवळच्या अरणगाव येथील मेहेरबाबांचा अनुयायी झाला. कॅनडाचा कवी-गायक लेनर्ड कोहेन हा झेन मठात पाच-सहा वर्षे राहिल्यानंतर १९९९ मध्ये मुंबईला रमेश बाळसेकर यांच्याकडे आला. बाळसेकरांची गुरुपरंपरा इंचगेरी संप्रदायाची असून तिच्यातील एक प्रमुख आचार्य सिद्धरामेश्वर महाराज हे सोलापूर जिल्ह्यातील पाथरी गावचे होते.

या तिन्ही उदाहरणांत पौर्वात्य वाद्यांचा वापर हा दुय्यम भाग आहे. कोहेनच्या मुंबईनंतरच्या ध्वनिमुद्रिकांत सतार किंवा तबला शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. परिणाम दिसतो तो गाण्याच्या कर्त्याविषयीच्या समजुतीत: गाणे कोण रचतो, 'मी' म्हणून गाणारा तो कोण, आणि गाण्यात मौनाला जागा किती.

पार्श्वभूमी

'झेन' हा शब्द मुळात संस्कृत 'ध्यान' या शब्दाचे दूरचे रूप आहे. पाली 'झान', चिनी 'चान' आणि जपानी 'झेन' असा त्याचा प्रवास झाला. चीनमध्ये बौद्ध ध्यानपरंपरेची ताओ विचाराशी गाठ पडली व तीतून ग्रंथप्रामाण्यापेक्षा प्रत्यक्ष अनुभवाला, आणि उपदेशापेक्षा कोड्यासारख्या प्रश्नोत्तरांना महत्त्व देणारी शाखा घडली. जपानमध्ये तिचे रिंझाई व सोतो हे दोन मुख्य पंथ झाले.

अमेरिकेत झेनचा प्रसार होण्यात डी. टी. सुझुकी यांच्या लेखनाचा व १९५० च्या दशकात कोलंबिया विद्यापीठात त्यांनी दिलेल्या व्याख्यानांचा मोठा वाटा होता. त्यांच्या श्रोत्यांत संगीतकार जॉन केज होता. ज्या रचनेत वादक काहीच वाजवीत नाही आणि सभागृहातील आकस्मिक आवाज हेच संगीत ठरते, ती केजची '४ मिनिटे ३३ सेकंद' ही रचना १९५२ मध्ये प्रथम सादर झाली. केजनंतरच्या पिढीतील ला माँट यंग व टेरी रायली यांनी दीर्घकाळ धरून ठेवलेले स्वर आणि अल्पशा स्वरवाक्यांची पुनरावृत्ती यांवर आपले संगीत उभारले. यंगच्या समूहात वाजविणारा जॉन केल पुढे 'द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' या रॉक वाद्यवृंदात गेला, तर रायलीच्या संगीताचा ठसा टाउनशेंडवर उमटला. दुसरीकडे, जॅक केरुआक व गॅरी स्नायडर यांच्यासारख्या बीट लेखकांनी झेनला तरुणांच्या वाचनात आणले. १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या झेन केंद्रास मठासाठी जागा घेता यावी म्हणून 'ग्रेटफुल डेड' आदी वाद्यवृंदांनी मदतनिधीचा जलसाही केला होता.

यंग व रायली हे दोघेही १९७० पासून पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले, ही गोष्ट मराठी वाचकाच्या दृष्टीने उल्लेखनीय आहे. प्राणनाथ हे किराणा घराण्याच्या अब्दुल वहीद खाँ यांचे शागीर्द. याच घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले आणि त्यांच्यापासून सवाई गंधर्व, भीमसेन जोशी अशी परंपरा महाराष्ट्रात रुजली. एकेका स्वरावर रेंगाळत केलेली संथ बढत ज्यांच्या कानांना सवयीची आहे, त्यांना रायली-यंग यांचे संगीत अमेरिकन श्रोत्यांइतके चमत्कारिक वाटत नाही.

मुंबई, १९६८: 'द इनर लाइट'

'बीटल्स' वाद्यवृंदातील जॉर्ज हॅरिसन हा जानेवारी १९६८ मध्ये 'वंडरवॉल' या चित्रपटाच्या पार्श्वसंगीतासाठी मुंबईला आला आणि एचएमव्हीच्या ध्वनिमुद्रणगृहात त्याने हिंदुस्थानी वादकांसह काही दिवस काम केले. ध्वनिमुद्रणाची सामग्री लंडनच्या मानाने साधी होती. रस्त्यावरील वाहनांचा आवाज आत येत असे व लक्षपूर्वक ऐकल्यास तो काही तुकड्यांत सापडतो, असे हॅरिसनने नंतर सांगितले आहे. केजच्या '४ मिनिटे ३३ सेकंद'ची आठवण होण्यासारखीच ही गोष्ट, मात्र येथे ती अभावितपणे घडली.

चित्रपटाचे काम आटोपताना हॅरिसनने एका स्वतंत्र गीताचे वाद्यसंगीतही ध्वनिमुद्रित करून घेतले. आशिष खान, हरिप्रसाद चौरसिया, हनुमान जाधव व महापुरुष मिश्र यांची नावे या ध्वनिमुद्रणाशी जोडली जातात. केंब्रिज येथील संस्कृतचे अध्यापक ह्वान मास्कारो यांनी हॅरिसनला आपला 'लॅम्प्स ऑफ फायर' हा धर्मवचनांचा संग्रह पाठवून त्यातील 'ताओ ते चिंग'च्या ४७ व्या प्रकरणास चाल लावण्याचे सुचविले होते. घराचा उंबरठा न ओलांडताही जग जाणता येते, आणि मनुष्य जितका दूर भटकतो तितके त्याचे जाणणे कमी होते, असा त्या प्रकरणाचा आशय आहे. लंडनमध्ये गायन जोडल्यानंतर मार्च १९६८ मध्ये 'लेडी मॅडोना' या तबकडीच्या दुसऱ्या बाजूस 'द इनर लाइट' या नावाने हे गीत निघाले. बीटल्सच्या एकल तबकडीवर स्थान मिळालेले हॅरिसनचे हे पहिले गीत होय.

प्रवासाची निष्फळता सांगणाऱ्या या गीतासाठी हजारो मैलांचा प्रवास झाला, यातील विसंगती समीक्षकांच्या नजरेतून सुटलेली नाही. तथापि गीत म्हणून ते आटोपशीर आहे. त्याच काळातील अनेक रॉक गीतांत सतार केवळ रंग भरण्यापुरती येते, येथे मात्र संपूर्ण बांधणी हिंदुस्थानी वादकांच्या हाती आहे.

अरणगावचे मौन आणि पीट टाउनशेंड

मेहेरबाबा (मूळ नाव मेरवान शेरियार इराणी) यांचा जन्म २५ फेब्रुवारी १८९४ रोजी पुण्यात झाला. डेक्कन महाविद्यालयात शिकत असताना पुण्याच्या हजरत बाबाजान यांच्या सहवासात ते आले आणि पुढे साकोरीच्या उपासनी महाराजांकडे राहिले. १९२३ पासून अहमदनगर (आता अहिल्यानगर) शहराच्या दक्षिणेस, दौंड रस्त्यावरील अरणगाव येथे त्यांनी वस्ती केली. हे स्थान मेहेराबाद म्हणून ओळखले जाते. १० जुलै १९२५ रोजी त्यांनी मौन धरले, ते ३१ जानेवारी १९६९ रोजी देहावसान होईपर्यंत सोडले नाही. आरंभीच्या काळानंतर ते अक्षरांच्या फळीवर बोट फिरवून संवाद साधत. १९५४ मध्ये ती फळीही त्यांनी टाकली व पुढे केवळ हातांच्या खुणा राहिल्या.

मेहेरबाबांची शिकवण झेन नव्हे. तीत सूफी, वेदान्ती व भक्तिपर संज्ञा मिसळलेल्या आहेत आणि ईश्वरावरील प्रेम तिच्या केंद्रस्थानी आहे. तरीही शब्दांवर अविश्वास आणि मौनावर भर या बाबतीत ती झेनच्या जवळ येते.

टाउनशेंडला मेहेरबाबांची ओळख १९६७ च्या अखेरीस चित्रकार माइक मॅकइनर्नी याच्यामुळे झाली. त्याच वर्षी जूनमध्ये माँटेरे येथील महोत्सवाहून परतताना विमानात घेतलेल्या एका मादक द्रव्याने त्याला भयंकर अनुभव आला होता व त्याने अशी द्रव्ये सोडली होती. मादक द्रव्यांतून अध्यात्म साधत नाही, उलट देह, मन व साधना या तिन्हींची हानी होते, अशी मेहेरबाबांची स्पष्ट भूमिका होती. 'गॉड इन अ पिल?' ही त्यांची पुस्तिका १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली होती. रॉक संगीताच्या जगात त्या वेळी प्रचलित असलेल्या समजुतीच्या नेमकी विरुद्ध अशी ही भूमिका होती, आणि टाउनशेंडला ती पटण्यामागे तिचा रोखठोकपणा हेही एक कारण असावे.

'टॉमी' (१९६९) ही 'द हू'ची संगीतकथा आंधळ्या, बहिऱ्या व मुक्या मुलाची आहे. सामान्य मनुष्याचे आत्मविषयक अज्ञान दाखविण्यासाठी हे रूपक योजल्याचे टाउनशेंडने सांगितले आहे. तबकडीच्या वेष्टनावर मेहेरबाबांचा 'अवतार' म्हणून श्रेयनामावलीत उल्लेख असून वेष्टनचित्र मॅकइनर्नीचे आहे. ध्वनिमुद्रण चालू असतानाच मेहेरबाबांचे निधन झाले. कथेचा शेवट भक्तिकथेसारखा नाही. मुक्त झालेला टॉमी लोकांना आपल्याच मार्गाने, डोळे-कान-तोंड बंद करून मुक्ती मिळवायला लावतो, तेव्हा अनुयायी बंड करतात. गुरू मानणाऱ्या गीतकाराने गुरुबाजीवर इतकी कठोर कथा रचावी, हे या कृतीचे वैशिष्ट्य होय.

ऑगस्ट १९७१ मध्ये प्रकाशित झालेल्या 'हूज नेक्स्ट' या तबकडीवरील 'बाबा ओ'रायली' हे गीत मेहेरबाबा व टेरी रायली यांच्या नावांचा संयोग आहे. ते 'लाइफहाउस' या अपूर्ण राहिलेल्या संगीतकथेसाठी लिहिलेले होते. मेहेरबाबांविषयीची माहिती यंत्रात भरून तीतून स्वररचना निर्माण करावी, अशी टाउनशेंडची मूळ कल्पना होती, पण ती साधली नाही. गीताच्या आरंभीचा सुप्रसिद्ध आवर्ती नाद सिंथेसायझरचा असल्याचा समज आहे, प्रत्यक्षात तो लॉरी कंपनीच्या घरगुती ऑर्गनवरील पुनरावृत्तीची सोय वापरून काढलेला आहे. 'लाइफहाउस'च्या मुळाशी असलेली एका विश्वव्यापी स्वराची कल्पना हजरत इनायत खान यांच्या नादविषयक लेखनातून आली. इनायत खान हे बडोद्याचे. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने तेथे गायनशाळा चालविणारे मौलाबक्ष हे त्यांचे आजोबा होत.

टाउनशेंडने अनुयायांच्या वर्तुळासाठी काढलेल्या 'हॅपी बर्थडे' (१९७०) या तबकडीत मौनदिनावर एक गीत आहे. दरवर्षी १० जुलैला मेहेरबाबांचे अनुयायी मौन पाळतात, त्याचा हा संदर्भ. त्याच तबकडीत कोल पोर्टर याचे 'बिगिन द बिगीन' हे जुने नृत्यगीत टाउनशेंडने गायिले आहे, कारण ते मेहेरबाबांच्या आवडीचे होते. १९७२ च्या 'हू केम फर्स्ट'मध्ये 'परवर्दिगार' या प्रार्थनेस त्याने चाल लावली. त्याच वर्षाच्या आरंभी तो मेहेराबादच्या समाधीस येऊन गेला होता. 'क्वाड्रोफेनिया' (१९७३) मधील 'ड्राउन्ड' हे गीत थेंब आणि सागर या मेहेरबाबांच्या नेहमीच्या दृष्टान्तावर आहे. ते त्याने भारतात गिटारच्या साथीने गायिले असून ते ध्वनिमुद्रण पुढे प्रकाशित झाले. 'द हू'च्या मोठ्या आवाजाच्या मैफलींची ज्यांना माहिती आहे, त्यांनी हे साधे ध्वनिमुद्रण अवश्य ऐकावे.

लेनर्ड कोहेन: माउंट बाल्डीहून मुंबईला

झेन आणि महाराष्ट्र यांचा प्रत्यक्ष सांधा कोहेनच्या जीवनात आढळतो. लेनर्ड कोहेन (२१ सप्टेंबर १९३४ – ७ नोव्हेंबर २०१६) हा माँट्रियलच्या ज्यू कुटुंबात जन्मलेला कवी व कादंबरीकार वयाच्या तिशीनंतर गायनाकडे वळला. त्याचे संगीत रूढ अर्थाने रॉक नाही, परंतु रॉकच्या परंपरेवर त्याचा प्रभाव मोठा असून २००८ मध्ये 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये त्याचा समावेश करण्यात आला.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून कोहेन जपानी रिंझाई आचार्य क्योझान जोशू सासाकी यांच्याकडे जात असे. 'द फ्यूचर' (१९९२) या तबकडीनंतरचा दौरा संपल्यावर तो कॅलिफोर्नियातील माउंट बाल्डी येथील सासाकींच्या मठात राहावयास गेला. तेथे पहाटे तीनच्या सुमारास उठणे, थंडीत तासन्‌तास बैठक, झाडलोट आणि वृद्ध गुरूचा स्वयंपाक असा त्याचा दिनक्रम होता. ऑगस्ट १९९६ मध्ये त्याने भिक्षुदीक्षा घेतली. त्याला मिळालेल्या 'जिकान' या नावाचा अर्थ साधारणपणे मौनाशी जोडला जातो. मात्र तरुणपणापासून जडलेले तीव्र नैराश्य मठातही गेले नाही. १९९९ च्या आरंभी, चौसष्ट वर्षांचा असताना, त्याने मठ सोडला आणि तो मुंबईला आला. मठात असताना वाचनात आलेले बाळसेकरांचे पुस्तक हे या प्रवासाचे निमित्त होते.

रमेश बाळसेकर

रमेश बाळसेकर (१९१७–२००९) हे बँक ऑफ इंडियाच्या सर्वोच्च पदावरून १९७७ मध्ये निवृत्त झालेले बँकर होते. निवृत्तीनंतर ते खेतवाडीतील निसर्गदत्त महाराजांकडे जाऊ लागले व परदेशी जिज्ञासूंसाठी त्यांच्या मराठी निरूपणाचे इंग्रजी भाषांतर करू लागले. महाराजांच्या पश्चात त्यांच्या स्वतःच्या घरी, वॉर्डन रोडलगतच्या गमाडिया रस्त्यावर, रोज सकाळी प्रश्नोत्तरे चालत आणि अखेरीस भजने होत.

बाळसेकरांच्या प्रतिपादनाचा गाभा एकच होता: घटना घडतात, कर्मे होतात, परंतु त्यांचा व्यक्तिरूप कर्ता कोणी नाही. हे वचन ते बुद्धाच्या नावे सांगत. बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथात याच अर्थाचा विचार आलेला आहे. त्यांच्या अद्वैतात झेनचाही अंश होता. चान, ताओ व वेदान्त यांची सांगड घालणारा 'वेई वू वेई' या टोपणनावाचा लेखक टेरेन्स ग्रे हा त्यांच्या वाचनात अनेक वर्षे होता व आपल्या ग्रंथांत ते त्याचा आधार घेत. म्हणून माउंट बाल्डीहून गमाडिया रस्त्यावर येणे म्हणजे एक धर्म सोडून दुसरा स्वीकारणे, असे समजणे योग्य नाही. कोहेन स्वतःला अखेरपर्यंत ज्यूच म्हणवीत होता आणि सासाकींशी असलेले त्याचे नातेही मुंबईनंतर तुटले नाही.

परंपरेचे सोलापूरकडील मूळ

निसर्गदत्त महाराज (मारुती शिवरामपंत कांबळी, १८९७–१९८१) हे कोकणातील कांदळगावचे. मुंबईत विड्यांचे दुकान चालवीत असताना १९३३ मध्ये त्यांना सिद्धरामेश्वर महाराजांचा अनुग्रह झाला. सिद्धरामेश्वर महाराज (१८८८–१९३६) हे सोलापूर जिल्ह्यातील पाथरीचे. विजापूर येथे एका व्यापारी पेढीवर ते हिशेबाचे काम पाहत. त्यांचे गुरू भाऊसाहेब महाराज हे जत तालुक्यातील उमदीचे असून त्यांचा मठ व समाधी सीमेपलीकडे, विजापूर (आता विजयपूर) जिल्ह्यातील इंचगेरी येथे आहे. त्यांच्या आधी निंबर्गीचे गुरुलिंगजंगम महाराज, आणि परंपरेच्या सांगण्यानुसार मुळाशी नवनाथांपैकी रेवणनाथ. तत्त्वज्ञ गुरुदेव रा. द. रानडे हेही भाऊसाहेबांचेच शिष्य होत.

सोलापूर-विजापूर टापूत नाथ व वीरशैव परंपरा एकमेकींत मिसळलेल्या आहेत. नाथांचे रेवणनाथ हेच वीरशैवांचे रेवणसिद्ध मानले जातात. मोहोळ आणि त्या तालुक्यातील वडवळ येथील नागनाथाची उपासना व तीभोवती वाढलेला नागेश संप्रदाय हे याच मिश्रणाचे दुसरे उदाहरण असून नागेश परंपरेत आलमखान यांच्यासारखे मुसलमान शिष्यही सांगितले जातात. इंचगेरी संप्रदाय हा नागेश संप्रदायाहून निराळा आहे, परंतु दोन्ही एकाच मातीतले आहेत.

भाऊसाहेबांचा भर नामस्मरणासह दीर्घकाळ बसून करावयाच्या ध्यानावर होता. यास 'पिपीलिका मार्ग', म्हणजे मुंगीची वाट, असे म्हणतात. सिद्धरामेश्वर महाराजांनी आधी हाच मार्ग आचरला, मात्र पुढे विवेकाने व श्रवणाने थेट स्वरूपाचा बोध घडविणारा 'विहंगम मार्ग', म्हणजे पक्ष्याची वाट, सांगितला. मुंगीला झाडावरील फळापर्यंत बुंध्यापासून चढत जावे लागते, पक्षी एकदम फळावर उतरतो. चीनमधील चान परंपरेतही क्रमशः आणि आकस्मिक बोधाचा असाच वाद झाला होता. दोहोंत ऐतिहासिक संबंध जोडण्याचे कारण नाही, पण साम्य ठळक आहे. कोहेनच्या बाबतीत तर ते जणू चरित्रातच उतरले. माउंट बाल्डीवरील वर्षे ही मुंगीची वाट होती. बाळसेकरांकडे बैठक नव्हती, शिस्त नव्हती, सकाळचे एक-दोन तास ऐकायचे आणि विचारायचे एवढेच.

सिद्धरामेश्वर महाराजांची दासबोधावरील निरूपणे निसर्गदत्त महाराजांनी टिपून घेतली व ती 'अध्यात्मज्ञानाचा योगेश्वर' या नावाने प्रसिद्ध झाली. स्वतः निसर्गदत्त महाराजांची संभाषणे जगभर पोहोचली ती मॉरिस फ्रीडमन यांनी केलेल्या 'आय ॲम दॅट' (१९७३) या भाषांतरामुळे. हे तेच पोलिश अभियंते, ज्यांचे नाव औंध संस्थानच्या स्वराज्याच्या प्रयोगाशी आणि आटपाडीजवळील स्वतंत्रपूर या खुल्या तुरुंगाशी जोडलेले आहे.

मुंबईतील वास्तव्य

कोहेन १९९९ मध्ये काही महिने मुंबईत राहिला आणि २००३ पर्यंत अनेकदा परत आला. केम्प्स कॉर्नर भागातील एका साध्या हॉटेलात त्याचा मुक्काम असे. सकाळी बाळसेकरांकडे जाणे, दुपारी ब्रीच कँडी येथे पोहणे, उरलेला वेळ लेखन व चित्रे काढणे, असा त्याचा क्रम होता. शहरात त्याला ओळखणारे फारसे कोणी नव्हते आणि त्यास ते सोयीचेच झाले असावे.

या काळात त्याचे नैराश्य हळूहळू ओसरले. याचे श्रेय कशाला द्यावे, याविषयी कोहेनने ठाम विधान करण्याचे टाळले. वय वाढते तशा चिंतेशी संबंधित मेंदूच्या काही पेशी मरतात असे आपण कोठेतरी वाचले आहे, असे तो गमतीने सांगे. मुंबईच्या उपदेशाने तो बरा झाला, असे काही लेखांत निःशंकपणे म्हटलेले आढळते. त्याच्या स्वतःच्या सांगण्याला इतका भार पेलत नाही. तीस वर्षांची झेन साधना, उतारवय आणि बाळसेकरांचे बोलणे यांपैकी कशाने काय झाले, हे वेगळे काढता येत नाही.

गीतांवरील परिणाम

शॅरन रॉबिन्सनसह केलेली 'टेन न्यू साँग्ज' (२००१) ही मुंबईनंतरची पहिली तबकडी. तीतील 'बूगी स्ट्रीट' या गीतात निवांत क्षणानंतर पुन्हा वासना व व्यवहाराच्या रस्त्यावर उतरण्याची गोष्ट आहे. झेनमधील बैल व गुराख्याच्या दहा चित्रांपैकी अखेरच्या चित्रात ज्ञानी पुरुष बाजारात परततो, त्याच्याशी याचे नाते सहज लावता येते. माउंट बाल्डी व मुंबई येथे लिहिलेल्या कविता आणि चित्रे 'बुक ऑफ लाँगिंग' (२००६) या संग्रहात आहेत.

कर्तेपणाच्या निरसनाचा सर्वांत स्पष्ट आविष्कार 'ओल्ड आयडियाज' (२०१२) मधील 'गोइंग होम' या पहिल्याच गीतात दिसतो. त्यात निवेदक लेनर्ड नावाच्या माणसाविषयी बोलतो. या माणसाशी बोलायला निवेदकाला आवडते, पण तो माणूस सांगितलेले तेवढेच बोलतो, नाकारण्याची मुभा त्याला नाही. कोहेनने याआधीही स्वतःचे नाव गाण्यात घातले होते. 'फेमस ब्लू रेनकोट' (१९७१) हे पत्ररूप गीत त्याच्या सहीने संपते. मात्र तेथे नाव हे लिहिणाऱ्याची खूण आहे, 'गोइंग होम'मध्ये ते निरोप्याचे झाले आहे. अभंगाच्या शेवटी येणाऱ्या नाममुद्रेची सवय असलेल्या मराठी वाचकास हा फरक समजावून सांगावा लागत नाही. आपले बोल आपले नसून पांडुरंग बोलवितो, ही तुकारामांची भूमिका येथे परिचितच आहे. कोहेनला तुकाराम ठाऊक होते असे यावरून सूचित करावयाचे नाही.

२००० नंतरच्या दशकात व्यवस्थापनातील गैरव्यवहारामुळे कोहेनची बहुतेक पुंजी गेली. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, २००८ मध्ये, त्याला पुन्हा दौऱ्यावर निघावे लागले आणि २०१३ पर्यंत तो जगभर गात राहिला. या मैफलींत साथीदार एकल वादन करीत असता तो टोपी काढून हातात धरून उभा राहत असे.

पुणे

महाराष्ट्रात झेनविषयी सर्वाधिक बोलले गेले ते पुण्याच्या कोरेगाव पार्कमध्ये. ओशो (रजनीश) यांनी १९८९ च्या एप्रिलपर्यंत दिलेल्या अखेरच्या व्याख्यानमाला बहुतांशी झेनवर आहेत. त्यांच्या सक्रिय ध्यानप्रकारांसाठी जर्मन संगीतकार डॉयटर याने संगीत रचले, आणि 'इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा' या रॉक वाद्यवृंदाचा चेलोवादक माइक एडवर्ड्‌स वाद्यवृंद सोडून ओशोंचा अनुयायी झाला. डॉयटरचे संगीत पुढे ध्यानसंगीत या स्वतंत्र प्रकारात गणले गेले. रॉकच्या दृष्टीने येथील फलित त्यामानाने थोडे आहे.

आक्षेप

कर्ता कोणी नाही या सिद्धान्तावर नैतिक जबाबदारीचा आक्षेप जुनाच आहे. कर्ता नसेल तर अपराधी कोण? बाळसेकरांचे उत्तर असे की, घटना ईश्वरेच्छेने वा निसर्गनियमाने घडल्या तरी समाज ज्या देहाकडून कृत्य घडले त्यालाच जबाबदार धरतो आणि त्याचे परिणाम टळत नाहीत. हे उत्तर सर्वांचे समाधान करीत नाही, विशेषतः गुरूच आरोपी असतो तेव्हा. कोहेनचे झेन गुरू सासाकी यांनी अनेक वर्षे स्त्री साधकांशी लैंगिक गैरवर्तन केल्याच्या तक्रारी २०१२ च्या अखेरीस उघड झाल्या. झेन आचार्यांच्या एका स्वतंत्र मंडळाने त्यांची नोंद जानेवारी २०१३ मध्ये केली. सासाकी तेव्हा १०५ वर्षांचे होते, ते २०१४ मध्ये वारले. कोहेनच्या मठवासाविषयीच्या पूर्वीच्या भाबड्या लेखनाचे वाचन आता या माहितीसह करावे लागते. टाउनशेंडने 'टॉमी'च्या शेवटी घातलेला अनुयायांचा उठाव या संदर्भात अधिकच लक्षणीय ठरतो.

दुसरा आक्षेप भाषेचा आहे. निसर्गदत्त महाराज मराठीत बोलले, सिद्धरामेश्वर महाराजांनी मराठीत निरूपण केले, परंतु रॉक संगीताशी त्यांचा जो दूरान्वयाने संबंध आला तो सर्वस्वी इंग्रजी भाषांतरांतून. भाषांतरात दासबोधाचे संदर्भ, भजनाचे नित्यक्रम आणि गुरुपरंपरेचा तपशील गळून जाऊन उरले ते सुटसुटीत अद्वैत. परदेशी वाचकास ते झेनसारखे वाटले, याचे एक कारण ही गळतीच आहे. उलट दिशेने, निसर्गदत्त महाराजांच्या नावाचा शोध घेत येणारे परदेशी वाचक आज मुंबईतील बाणगंगेपर्यंत, सिद्धरामेश्वर महाराजांच्या समाधीपर्यंत पोहोचतात, पाथरीपर्यंत मात्र क्वचितच.